रंगूबाईची उताणी झार

तुडीलच्या रंगूबाईला गावात ‘पंचनामा’ म्हणतात. तिच्या तोंडावर म्हणतात आणि तिला त्याचा रागही येत नाही. कोंबडीनं बिनकवचाचं अंडं घातलं, फणसाला एकाच अंगानं फळ धरलं, एसटी दहा मिनिटं आधीच येऊन उभी राहिली, अशा गोष्टी बाकीची माणसं ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून देतात. रंगूबाईला ते जमत नाही. ती कोंबडीच्या मागं दिवसभर फिरून ती काय काय टिपते ते बघणार, आणि एसटीच्या ड्रायव्हरला खाली उतरवून कारण विचारणार. वय त्रेसष्ट. गुडघे कुरकुरतात, पण डोळे आणि तोंड दोन्ही शाबूत आहेत.

तिचं माहेर वरंधचं, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीतलं. बाप डोंगरउतारावर नाचणी-वरी लावायचा. तिथलं पाणी वरून खाली जातं आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. त्यामुळे लग्न होऊन तुडीलला आल्यावर तिसऱ्याच दिवशी, नदीवर धुणं धुताना हातून सुटलेला नवऱ्याचा लेंगा जेव्हा उलटा महाडच्या दिशेनं निघाला, तेव्हा ती धूम ठोकून घरी आली.

“आत्याबाय, नदी माघारी चालली!”

सासू पोट धरून हसली. “अगो, भरती हाय ती. समिंदर सावित्रीतनं वर चढतो, दिसातनं दोन येळा.”

दुसऱ्या कुणाला एवढं उत्तर पुरलं असतं. नव्या नवरीनं मात्र दुसऱ्या दिवशी काठावर ओळीनं काठ्या रोवल्या आणि पाणी कुठवर चढतं, कधी उतरतं, ते आठ दिवस बसून पाहिलं. ओहोटीला लेंगा काही परत आला नाही, याचंच तिला तेवढं वाईट वाटलं.

नवरा भिकू मुंबईला गोदीत होता. तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा. सासूनं सुनेला तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, काढायला शिकवलं. ओहोटीला चिखल उघडा पडला की पायाच्या अंगठ्यानं चाचपत जायचं, शिंपलीची कड लागली की वाकून उपसायची. टोपली भरली की महाडच्या बाजारात नेऊन विकायची. सासू गेली, भिकूही सात वर्षांपूर्वी गेला, एकुलता एक अनिल मुंबईत नोकरीला लागला, पण रंगूबाईची टोपली चालूच राहिली. या कामात बायकांचा एकच कायदा आहे: आपली जागा कुणाला सांगायची नाही. सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. शेजारची काशीबाई आणि ती तीस वर्षं बरोबर नदीवर जातात, सुखदुःखाचं सगळं बोलतात, आणि काठाशी आल्या की एक वरच्या अंगाला जाते, दुसरी खालच्या. मागं वळून बघायचं नाही, ही त्यांची सभ्यता.

गेल्या पावसाळ्यात खालच्या अंगाचा जुना खारबंधारा फुटला. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून कधीकाळी घातलेला तो मातीचा बांध. आतली पडीक जमीन पाण्याखाली गेली आणि ओहोटीलाही तिथं गुडघाभर पाणी साचून राहू लागलं. तीन बाजूंनी तिवरांची झाडं, मध्ये लख्ख ऊन. उन्हाळा लागला तसं ते खारं पाणी इतकं कोमट झालं की आंघोळीला चाललं असतं. रंगूबाईनं ही जागा फाल्गुनात हेरली. तिथल्या तिसऱ्या बघून तिचे डोळे विस्फारले. महाडच्या बाजारात गिऱ्हाइकं विचारू लागली, “एवढ्या मोठ्या कुठून आणता हो?” रंगूबाई म्हणायची, “देवाच्या दयेनं.”

शिमग्याच्या सुमारास तिच्या पायांना खाज सुटली.

साधीसुधी खाज नव्हती ती. गुडघ्याखाली बारीक लाल पुरळ, आणि अशी आग की चुलीतल्या लाकडानं खाजवावंसं वाटावं. महाडकडच्या माणसाला अशा वेळी काय करायचं ते शिकवावं लागत नाही. अंगाला काही उठलं की सवला जायचं आणि गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं. रंगूबाई सोबतीला काशीबाईला घेऊन पाच दिवस जाऊन आली. पाण्यात बसलं की आराम पडायचा, अगदी खरा आराम. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

मग महाडचे एक डॉक्टर झाले. त्यांनी पाय पाहिले आणि सरळ प्रश्न विचारला, “पाण्यात-बिण्यात काम करता का? कुठं?” इथं रंगूबाईनं खरं सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण बाजूच्या खुर्चीवर काशीबाई बसलेली! फुटक्या बांधाचं नाव तिच्यासमोर घ्यायचं म्हणजे उद्यापासून अर्ध्या तिसऱ्या तिच्या टोपलीत.

“पान्यात कशाला? घरात नि परसात,” रंगूबाई म्हणाली.

डॉक्टरांनी मिळालेल्या माहितीवर निदान केलं: खरूज. मानेपासून पायापर्यंत लावायचं मलम दिलं, कपडे उकळायला सांगितले, आणि बजावलं की हा रोग शिवण्यानं पसरतो, लहान मुलांना जवळ घेऊ नका.

काशीबाईच्या पोटात एवढी मोठी बातमी राहणं शक्यच नव्हतं. तिची लेक नालासोपाऱ्याला अनिलच्याच चाळीत राहते. संध्याकाळपर्यंत बातमी पोचली आणि आठवड्यानं अनिलचा फोन आला.

आता हे सांगायला हवं की अनिल आणि सलोनीला लग्नानंतर आठ वर्षांनी पौषात मुलगी झाली होती. दिशा. दिवस भरायच्या आधीच जन्मली, अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. रंगूबाईनं नातीला पाहिलं होतं ते फक्त फोनच्या पडद्यावर, तेही कधी नाक, कधी नुसता कान. अक्षय्यतृतीयेला तिला घेऊन गावी यायचं ठरलं होतं. आजीनं जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी शिवली होती, पडवीच्या आढ्याला झोळी टांगून ठेवली होती.

“आई, सलोनी बोलते रिस्क नको,” अनिल म्हणाला. “बेबी वीक आहे ना. तुला ते सगळं टोटल क्लिअर झालं की मग येऊ. दिवाळीला वगैरे.”

“बरं,” रंगूबाई म्हणाली आणि फोन ठेवला. मग ती चुलीपुढं बसून रडली. सुनेचा तिला संताप आला होता, आणि सुनेच्या जागी आपण असतो तर हेच केलं असतं हेही कळत होतं. त्यामुळे संताप धड करताही येईना. दिवाळीपर्यंत पोर बसायला लागली असती, रांगायला लागली असती. अनोळखी म्हातारीला बघून तिनं भोकाड पसरलं असतं.

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि स्वतःच्या पायांचा पंचनामा सुरू केला.

खरूज तिला नवी नव्हती. लहानपणी वाडीत पोरांना दर हिवाळ्यात व्हायची. ती आधी बोटांच्या बेचक्यात येते आणि अंथरुणात पडलं की जास्त छळते. इथं बोटांच्या बेचक्या स्वच्छ. खाज गुडघ्याखाली आणि मनगटावर, आणि तीही भर दुपारी, नदीवरून आल्यावर. ज्या दिवशी ती एकादशीमुळं तिसऱ्या काढायला गेली नाही, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नदीवर जाईपर्यंत पाय गप्प. खरजेला एकादशी कुठून कळणार?

दुसऱ्या दिवशी तिनं युरियाची रिकामी पिशवी धुऊन घेतली, डाव्या पायात मांडीपर्यंत चढवली, सुतळीनं करकचून बांधली, आणि उजवा पाय उघडाच ठेवून फुटक्या बांधाच्या पाण्यात उतरली. तिवरांतून तिला कुणी पाहिलं असतं तर मलमानं डोक्यावर परिणाम झाला असंच म्हटलं असतं. घरी येऊन ती दोन्ही पाय समोर पसरून बसली. अर्ध्या तासात उजवा पेटला. डावा ढिम्म.

म्हणजे पाणी. पण पाण्यात काय?

तिसऱ्या काढणाऱ्या बाईचं सगळं लक्ष अंगठ्याकडं असतं, पाण्याच्या तळाकडं कोण बघतं? पुढच्या ओहोटीला तिनं बांधावर ओणवं होऊन, कपाळावर हात धरून, पाणी ढवळलं न जाऊ देता पाहिलं. तळाशी चिखलावर हिरवट-तपकिरी गड्डे होते, बशीएवढे, फुलकोबी फुलून पसरावी तसे. महिनाभर ती त्यांना शेवाळ समजून बाजूनं जात होती. आज पाहते तो शेवाळ उघडझाप करत होतं. कड आत जायची, बाहेर यायची, पुन्हा आत. एक, दोन, तीन, रंगूबाईनं मोजायला सुरुवात केली आणि ऐंशीला कंटाळून सोडलं.

तिनं तिवराच्या फांदीनं एकाला उलटं केलं. खालून गुळगुळीत छत्री निघाली. छत्री पाण्यात चार हात पोहली, वळली, आणि पुन्हा खाली जाऊन पाठीवर निजली, फुलोरा वर. रंगूबाईनं आणखी दोनदा उलटं केलं. दोन्ही वेळा तोच हट्ट.

झार तिनं पाहिली होती. भरतीबरोबर कधीमधी छत्रीसारखी तरंगत येते, तिला हात लावायचा नाही हे पोरंही जाणतात. पण झार तरंगते. ही निजलेली, तीही उताणी. शिवाय सगळ्या जणी उन्हात, तिवराच्या सावलीत एकही नाही. आणि मुख्य म्हणजे रंगूबाईनं तिला हात लावलाच नव्हता. हातभर लांबून काठीनं काय ते डिवचलं, पाणी तेवढं मनगटाला लागलं, आणि मनगट पेटलं.

आता तिला चैन पडेना. दोन्ही हातांना पिशव्या बांधून तिनं एक झार मोठ्या बरणीत घेतली, वर तिथलंच पाणी घातलं, झाकण लावलं आणि रिक्षानं महाड गाठलं.

महाडात सरोजबाई राहतात. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, आणि वीस वर्षं रंगूबाईचं गिऱ्हाईक. खरूज ऐकूनही त्यांनी तिला ओट्यावरून उठवलं नव्हतं. पिशवीतून बरणी बाहेर आली तशा त्या चष्मा सावरत पुढं आल्या.

“झाकण उघडू नका, रंगूबाई! थांबा, उघडा. नको, राहू दे.” मग कपाटातून दोन जाडजूड पुस्तकं निघाली, फोनवर चित्रं निघाली. तासभर दोघी बरणीपुढं डोकं लावून बसल्या. चहा दोनदा गार झाला.

“जेलीफिशच आहे, पण उलटी राहणारी,” सरोजबाई शेवटी म्हणाल्या. “कॅसिओपिया म्हणतात हिला. उथळ, कोमट, खाऱ्या पाण्यात राहते. इथं इतक्या आत कशी आली, ते मला सांगता येणार नाही.”

“पन उताणी कशापायी?”

“तिच्या अंगात बारीक शेवाळ असतं. त्याला ऊन लागतं. उन्हावर ते अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं हिला देतं. म्हणून ही पोट वर करून उन्हात पडते.”

रंगूबाईनं बरणीकडं नव्या नजरेनं पाहिलं. “म्हंजे हिनं अंगात नाचनी लावलीय.”

“अगदी तसंच.”

“मंग राखन कोन करतं?” डोंगरातल्या शेतकऱ्याच्या लेकीनं विचारलं. “शेत हाय तर राखन पायजे.”

सरोजबाईंनी टाळी वाजवली. तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं त्यांना असा प्रश्न विचारला नव्हता. “राखणीला ती पाण्यात शेंबडासारखा चिकट द्राव सोडते. त्यात डोळ्यांना न दिसणारे कण असतात, आणि ते डंख मारतात. तुम्ही तिला शिवायची गरजच नाही. तिचं पाणी तुम्हाला शिवतं.”

“आनि सवच्या कुंडात बरं वाटायचं ते?”

“या डंखाला गरम पाण्यानं आराम पडतो. कुंडानं तुम्हाला फसवलं नाही, रंगूबाई. तुम्ही परत तिच्या शेतात जात होता.”

रंगूबाईनं आणखी पुष्कळ विचारलं. डोकं कुठं? डोकं नाही, मेंदूच नाही. मग झोपते का? झोपते म्हणे, रात्री उघडझाप मंदावते, लोकांनी बसून मोजलं आहे. जगात आपल्यासारखी बसून मोजणारी माणसं आहेत हे ऐकून तिला फार बरं वाटलं. पण निघताना ती मुद्द्यावर आली. “बाई, ही खरूज न्हाय, हे माज्या सुनेला तुमी सांगाल?”

“सांगते. पण पंधरा दिवस त्या पाण्यात पाऊल टाकू नका. आणि सुनेला ते पाणी कुठलं हे सांगावं लागेल. मोघम सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही.”

सुनेला सांगायचं म्हणजे चाळीला सांगायचं, आणि चाळीत काशीबाईची लेक. रंगूबाई रिक्षात बसली. तुडीलला उतरली आणि घरी न जाता तडक काशीबाईच्या दारात गेली.

“काशे, माजी जागा फुटक्या बांधातली,” ती म्हणाली. “तिसऱ्या तितल्या. नि खाजबी तितलीच.”

काशीबाई सूप हातात धरून बघत राहिली. तीस वर्षांत असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. “तरीच!” तिनं एवढंच म्हटलं. मग सूप खाली ठेवून, “चाय घेतेस का गो?”

सरोजबाईंनी फोन केला. सलोनीनं सगळं ऐकून घेतलं, ‘हो मॅडम, हो मॅडम’ म्हणाली आणि मनातून अर्धीच पटली. ती मुलगी वाईट नव्हे. ज्या बाईनं अकरा दिवस काचेबाहेरून लेक पाहिली आहे, तिला फोनवर काही पटवणं कठीणच. अक्षय्यतृतीयेला ती आली, पण उतरली पोलादपूरला, आपल्या माहेरी. दुसऱ्या दिवशी तिघं दुपारपुरती तुडीलला आली.

अठरा दिवस रंगूबाई पाण्याला शिवली नव्हती. मलम बंद, सव बंद. पाय लख्ख होते. तिनं लुगडं घोट्यावर धरून सुनेला पाय दाखवले. सलोनीनं वाकून नीट पाहिले, पुन्हा पाहिले, “छान झालेत हो आई” म्हणाली आणि मुलीला उराशी घट्ट धरून पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसली. रंगूबाईनं हात पाठीमागं बांधले. मागायचं नाही, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं.

झोळीत घातल्यावर दिशा झोपली. तेव्हा अनिल म्हणाला, “आई, ती झार तरी दाखव.”

रंगूबाई बांधापर्यंत गेली, पाण्यात उतरली नाही. अनिलला पिशव्या बांधून घे म्हणाली, तर तो हसला. “आई, मी दर पावसाळ्यात मुंबईच्या गटारातून चालत कामावर जातो.” पँट वर दुमडून तो उतरला आणि बादलीत दोन झारी घेऊन आला. बादली अंगणात ठेवली. आत दोघी उताण्या पडून उघडझाप करू लागल्या.

सलोनी उकिडवी बसून बघत होती. कितीही घाबरट म्हटली तरी नजर हटेना तिची. “किती सुंदर आहे! पण आई, न शिवता खाज कशी येईल?”

“पानी शिवतं गो. हात नको घालूस.”

“कडेला घालते, तिच्यापासून लांब.” आणि शंकेखोर माणसं करतात तेच तिनं केलं. बाही सारून मनगटापर्यंत हात पाण्यात बुडवला, पन्नासपर्यंत आकडे मोजले आणि बाहेर काढला. “काही नाही होत.”

रंगूबाई चहा टाकायला आत गेली. कप घेऊन बाहेर आली तेव्हा अनिल पायरीवर बसून दोन्ही हातांनी पोटऱ्या ओरबाडत होता आणि सलोनी त्याला हसत होती. हसता हसता तिनं स्वतःचं मनगट ओढणीला घासलं. मग पुन्हा घासलं. मग उठून उजेडात धरून पाहिलं. पुरळ उठत होतं, लाल, बारीक, कोपराकडं चढत.

तेवढ्यात झोळीत दिशा जागी झाली आणि रडायला लागली.

सलोनी धावली. झोळीशी पोचली, दोन्ही हात पुढं केले, आणि तिथंच थांबली. हात मागं घेतला. मोरीवर जाऊन साबण लावला, धुतला, पुन्हा आली, पुन्हा थांबली. पोर टिपेला लागली होती.

“हे तिला लागलं तर?” तिनं विचारलं. आवाज पार बारीक झाला होता.

“चिकट असतं ते. लगेच न्हाय जात,” रंगूबाई म्हणाली. ती कप घेऊन होती तिथंच उभी होती.

सलोनीनं अनिलकडं पाहिलं. त्यानं आपले लाल झालेले हात वर करून दाखवले. मग तिनं सासूकडं पाहिलं.

“आई, तुम्ही घ्या ना तिला.”

रंगूबाईनं कप खाली ठेवले. पदराला हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले, आणि झोळीतून नातीला उचललं. इतकी हलकी असेल असं तिला फोनवर कधी वाटलं नव्हतं. दिशानं दोन हुंदके दिले, म्हातारीच्या तोंडाकडं टक लावून पाहिलं, भुवया आक्रसल्या, आणि गप्प झाली. रंगूबाईचे डोळे भरून वाहू लागले. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं तसेच वाहू दिले.

अनिलनं चुलीवरचं कढत पाणी पातेल्यात आणून दिलं. त्यात हात बुडवून सलोनी मोरीपाशी उभी होती. आराम पडत होता, पण नजर सगळी पडवीकडं.

“माझ्याकडं कधी देताय, आई?” थोड्या वेळानं तिनं विचारलं.

“तुजी खाज गेली की,” रंगूबाई म्हणाली.

अनिल मोठ्यानं हसला. सलोनी हसली नाही. ती पाण्यातल्या आपल्या लाल मनगटाकडं बघत राहिली.

“तुम्ही दीड महिना काढलात असा,” ती म्हणाली. “माझ्याच्यानं दहा मिनिटं निघत नाहीयेत.”

दिशानं रंगूबाईच्या पदराचं टोक मुठीत पकडलं होतं आणि ते तोंडात घालता येतं का, हे बारकाईनं तपासणं चाललं होतं.